मिलिमीटर सर

प्रत्येक तालुक्यात असा एक तरी मास्तर असतो. त्याला ओळखणं सोपं. जून उजाडला की बाकीचे शिक्षक पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यांत, गणवेशाच्या मापांत आणि यू-डायसच्या रकान्यांत बुडालेले असतात. हा शाळेच्या गच्चीवर कोल्ड्रिंकची कापलेली बाटली घेऊन उभा असतो आणि आभाळाने गृहपाठ करून आणलेला नसावा, अशा नजरेने वर बघत असतो.

आमच्या शाळेच्या वाट्याला आलेल्या नमुन्याला गावाने ‘मिलिमीटर सर’ असं नाव दिलं आहे. सेवापुस्तकातलं नाव वेगळं, पण ते आता पगारापुरतंच उरलंय. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. खिशाला दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. या पट्टीने सर पाऊस मोजतात, रोपांची वाढ मोजतात, मुलांच्या नखांतला मळ दाखवतात आणि स्टाफरूममध्ये चहाही ढवळतात. स्कूटीच्या डिकीत सुतळीचा गुंडा, त्याला दर मीटरवर एक गाठ, एक चांगला वजनदार दगड, थर्मामीटर आणि करंजाच्या शेंगा. दगड सुतळीला बांधून विहिरीत सोडायचा आणि पाणी किती गाठी खाली गेलं ते बघायचं, असा त्याचा उपयोग. एकदा नाकाबंदीत हवालदाराने डिकी उघडायला लावली. दोरी पाहिली, दगड पाहिला, सरांचा चेहरा पाहिला आणि चलन वगैरे विसरून तो हळूच म्हणाला, “घरी सगळं ठीक आहे ना, सर?”

मुळात सर असे नव्हते. हवामान बदल त्यांनीही आधी सगळे शिकवतात तसाच शिकवला. कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेलं पोस्टर फळ्याशेजारी लावलं होतं. वितळत्या बर्फाच्या तुकड्यावर केविलवाणं उभं असलेलं पांढरं अस्वल. आमच्याकडच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो गारीगारवाल्याच्या पेटीत. सहामाहीला प्रश्न आला, ‘पृथ्वी तापते आहे, तुम्ही काय कराल?’ सहावीतल्या एकाने लिहिलं, ‘सरांनी अस्वलाला वाचवायला सांगितले आहे. पण ते आमच्या शिवारात येत नाही. आमच्यात रानडुकरे येतात. त्यांना वाचवायचे म्हटले तर वडील मारतील.’

सरांनी या उत्तराला पाचपैकी पाच गुण दिले आणि अस्वल कपाटामागे गेलं.

मग शहरातल्या एका संस्थेची छापील प्रश्नावली आली. ‘तुमच्या कुटुंबाचा कार्बन किती?’ घरात एसी किती, वर्षातून विमानप्रवास किती, आठवड्यातून एक दिवस तरी गाडी न काढता चालत जाता का, असे प्रश्न. आमची अर्धी शाळा वाड्या-तांड्यांवरून रोज पायीच येते. ‘आठवड्यातून एक दिवस चालता का’ यावर एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘नाही, सहा दिवस.’ विमानाच्या रकान्यात एकाने भरलं, ‘वर्षातून एकदा ऊसतोडीला जातो. ट्रॅक्टरने.’ वीज वाचवण्यासाठी काय करता, यावर तर वर्गाचं एकमत होतं: ‘काही करावे लागत नाही, आपोआप जाते.’ सरांनी सगळे कागद जसेच्या तसे पाठवून दिले. महिन्याभराने उलट टपाली आदर्श हरित शाळेचं प्रमाणपत्र आलं. मुख्याध्यापिका बाईंनी ते काचेत बसवलं. सर मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता एकदम म्हणाले, “ज्यांनी चोरी केलीच नाही त्यांच्याकडून चोरी न करण्याची शपथ काय घ्यायची? यांना काय करू नका ते सांगण्यात अर्थ नाही. यांच्या डोक्यावर काय चाललंय ते यांना मोजता आलं पाहिजे.”

म्हणून ती बाटली.

बाटली दोन लिटरची, सरळ अंगाची निवडायची. वरचं टोक कापून उलटं बसवलं की नरसाळं तयार. बूड उंचसखल असतं, म्हणून तळाला खडे घालायचे आणि ते बुडतील इतकं पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. झालं पर्जन्यमापक. मोजायचं रोज सकाळी साडेआठला, कारण भारतीय हवामान विभागाची वेळ तीच आणि सरांच्या मते आपण त्या विभागाचेच, फक्त त्यांना अजून कळवलेलं नाही. शाळेच्या बालमंत्रिमंडळात पूर्वी स्वच्छतामंत्री, आहारमंत्री वगैरे खाती होती. सरांनी पाऊसमंत्री हे नवं खातं काढलं. त्याला मागणी इतकी की आहारमंत्र्याने खिचडीवरचा ताबा सोडून खातेबदल मागितला. आमच्या राजकारणात हे प्रथमच घडलं असावं. नशिबाने पावसाचे महिने आणि ऊसतोडीचे महिने वेगळे आहेत, नाहीतर मंत्री दिवाळीआधीच कारखान्यावर गेले असते.

पावसाचेही नियम असतात हे मुलांना तेव्हा कळलं. चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’.

“म्हणजे सर, काल मी भिजलो तो पाऊस नव्हता?”

“नव्हता. दीड मिलिमीटर होता.”

“मग आईनं मारलं कशाला?”

याचं उत्तर हवामानशास्त्रात नाही. पण हे असले अडीच, दीड, शून्य, शून्य, शून्य आणि एकदम पंचेचाळीस असे आकडे फळ्यावर चढू लागले आणि सरांना हवं ते पोरांनाच दिसायला लागलं. महिन्याची बेरीज वाईट नाही, पण दिवस मोजावेत तर हाताच्या बोटांवर. मग सर खडू घेऊन उभे राहतात. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के वाफ जास्त धरते. धरून धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदाच सोडते. पुण्याला पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरून कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हा संदर्भ सर इतक्या आपलेपणाने देतात की मुलांना बरेच दिवस रॉक्सी सर हे शेजारच्या केंद्रशाळेत आहेत असं वाटत होतं.

एका गोष्टीने मात्र सर स्वतःच अडचणीत आले. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, त्यासाठी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या लावाव्या लागतात, असं त्यांनी आठवीला सांगितलं. आठवी हबकली. “सर, तीस वर्षं बाटली बघायची? मग आम्ही दहावी कधी पास व्हायचं?” सर हसले, पण त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या निवृत्तीचा हिशेब केला. शिक्षकाचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. कसंही मांडलं तरी तीस वर्षं बसेनात. तेव्हापासून ते पहिलीच्या प्रवेशाला रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडे जरा वेगळ्याच आशेने बघतात. कोण चिकट आहे, कोण धांदरट, कोणाचं अक्षर टिकेल. उपवर मुलीचा बापही इतकं बघत नसेल.

स्टाफरूममध्ये त्यांचं कोणाशी भांडण नाही, पण गणिताच्या सरांशी तह कायमचा नाही. पर्यावरणाच्या तासाला गुण नसतात, श्रेणी असते. त्यामुळे दहावीच्या वर्गावर तो तास सगळ्यांनाच उसना हवा असतो. गणिताच्या सरांनी तो मागितला की मिलिमीटर सर शांतपणे म्हणतात, “घ्या. पण लक्षात असू द्या, एम. सी. मेहता खटला. १९९१. पर्यावरण शाळेत शिकवा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. २००३ मध्ये पुन्हा बजावलंय.” आपल्या लसावि-मसाविने न्यायालयाचा अवमान होतो की काय, या शंकेने गणिताचे सर निम्मा तास परत करतात.

झाडांचं प्रकरण तर गावभर गाजलं. २०१९च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. आमच्याही वाट्याला रोपवाटिकेतून टेम्पोभर रोपं आली. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले, फोटो वर गेले. सगळे चहाला वळले तेव्हा सर एकटे नवीन हजेरीपट मागत होते. “लागवडीचा अहवाल गेला ना?” बाई म्हणाल्या. “लागवडीचा गेला,” सर म्हणाले, “पटसंख्येचा राहिलाय.” आणि दुसऱ्या दिवसापासून परिपाठात मुलांच्या पाठोपाठ झाडांची हजेरी सुरू झाली. प्रत्येक रोपाला एक पालक विद्यार्थी.

“करंज, अनुक्रमांक सात.”

“हजर!”

“आपटा, आठ.”

“हजर, पण आजारी. पानं पिवळी आहेत.”

“बहावा, नऊ.”

“गैरहजर, सर.”

“कारण?”

“शेळी.”

“कोणाची?”

यावर ओळीत शांतता. कारण शेळी शालेय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची होती. सरांनी रीतसर पत्र काढलं: आपल्या शेळीने आमच्या पटावरील अनुक्रमांक नऊचे कायमस्वरूपी नुकसान केले असून याबाबत आपला खुलासा अपेक्षित आहे. बाईंनी ते पत्र जावक रजिस्टरला चढण्याआधी धरलं म्हणून पुढचं टळलं. पाहुण्यांनी स्वहस्ते लावलेला गुलमोहर मात्र सरांनी पटावर घेतलाच नाही. तो मूळचा मादागास्करचा. “बसू द्या वर्गात, पण दाखला आल्याशिवाय नाव नाही,” म्हणाले. त्याच्यावर पाण्याची कळशी कोणी ओतत नव्हतं, शेळीही त्याला तोंड लावत नव्हती, आणि आज सगळ्यात उंच तोच आहे. सर त्या बाजूला फारसे जात नाहीत.

सहल शिर्डीलाच जाणार हे दगडावरच्या रेघेसारखं ठरलेलं असतं. सरांनी एका वर्षी वाट वाकडी करून तिच्यात हिवरेबाजार घुसवलं. १९९०च्या आगेमागे पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासूनची सगळी कथा त्यांनी बसमध्ये माइकवरून सांगितली, तीही गाण्याच्या भेंड्या थांबवून, म्हणजे धाडसच. त्या गावात दर वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडतात आणि पाणी जितकं असेल तितकीच पिकं ठरवतात. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. हे ऐकून सातवीतल्या एकाने भर गावात विचारलं, “मग आपल्याकडं पाऊस नसताना ऊस कसा?” सर उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. अध्यक्षांचा ऊस पाच एकर आहे. शेळीचं कसंबसं मिटलं होतं.

इथवर गाव सरांकडे करमणूक म्हणूनच बघत होतं. गल्लीतून पोरं सुतळी-दगड घेऊन विहिरी मोजत निघाली की म्हातारे विचारायचे, “काय रे, पाणी किती गाठीवर गेलं? का गुरजीच आत गेलेत?” मग गेल्या सप्टेंबरातली ती रात्र आली.

सोयाबीन काढायला आलेलं होतं. संध्याकाळी सातला सुरू झाला तो पहाटे चारपर्यंत. ओढ्याने वळण सोडलं, बांध फुटले. सकाळी साडेआठला पाऊसमंत्री, म्हणजे सातवीतली एक दोन वेण्यांची मुलगी, डोक्यावर पोतं घेऊन गच्चीवर गेली, वाकली, डोळा पाण्याच्या पातळीत आणला आणि खाली येऊन फळ्यावर लिहिलं: ६३.

नऊ वाजता फाटकाशी माणूस मावेना.

शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि मग पंचनामे, भरपाई वगैरे पुढच्या गोष्टी हलू लागतात. मोजणारं यंत्र मंडळाच्या गावी. आमच्या गावापासून ते बरंच लांब, आणि ढग काही मंडळाच्या हद्दी बघून फुटत नाही. त्या रात्री तिकडे नुसती भुरभुर होती. तेव्हा तहसीलला द्यायच्या निवेदनाला पुरावा हवा, आणि अख्ख्या शिवारात आकडा असलेली वस्तू एकच, ती कापलेली बाटली. फक्त आकडा दोनने कमी होता.

“बाय, नीट बघ. पासष्ट असंल,” एका आबांनी गोडीत सुरुवात केली.

“त्रेसष्ट आहे, आबा. पाण्याची खालची रेघ बघायची असते.”

“आन् वरची बघितली तर?”

“चौसष्ट.”

“बघा! एक तर उभ्या उभ्या वाढला. अजून एक काय लांब हाय?”

उपसरपंचांनी बाटली मागवून उन्हात धरली. तळाचे खडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “रातच्याला कावळ्यानं पेलं नसंल कशावरून? हे बघा, खडे बी हायेत!” दुसरीत शिकलेली गोष्ट इतक्या वर्षांनी कामी येते आहे हे पाहून गर्दी हेलावली. कावळ्याचे किती मिलिमीटर धरायचे यावर दोन-तीन मतं लगेच पडली.

मुलगी म्हणाली, “कावळा रात्री झोपतो. आणि खडे मी जूनमध्येच टाकलेत. बावीस आहेत. मोजा.”

गर्दीत तिचे वडीलही होते. त्यांचंही सोयाबीन पाण्याखाली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. “मी हिला डेअरीवर दूध घालायला पाठवायचो,” ते खाली मान घालून म्हणाले, “मापातला चोरपणा पकडायला तिथंच शिकली. माझीच चूक हाय.”

तेवढ्यात स्कूटी आली. गर्दी सरांकडे वळली. आणि इथे सरांची खरी पंचाईत झाली, कारण त्यांना ज्ञान होतं. जोराचा वारा असला की पाऊस तिरपा पडतो आणि मापकाच्या तोंडात कमी जातो, हे सगळ्या जगातल्या पर्जन्यमापकांचं दुखणं आहे. रात्री वारा होता. म्हणजे खरा पाऊस त्रेसष्टाहून जास्तच पडला असणार. अज्ञानी माणसाला असा मोह पडत नाही. सरांना राहवलं नाही. त्यांनी हे सगळं गर्दीला हातवारे करून समजावून सांगितलं.

“म्हंजी पासष्टच!” आबा ओरडले.

“सांगता येत नाही.”

“सांगू नका. लिव्हा!”

सर बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. सहा इंची पट्टी त्यांनी खिशातून काढली, पुन्हा ठेवली. शेवटी खडू घेऊन त्रेसष्टच्या पुढे कंसात दोन शब्द लिहिले: ६३ (वारा होता).

निवेदन गेलं. तहसीलातल्या कारकुनाने बाटलीचं माप ग्राह्य धरता येत नाही हे सांगितलं, ते ठीकच. पण कंसातलं वाचून तो आधी पोटभर हसला, हे गावाच्या जास्त जिव्हारी लागलं. पंधरा दिवस सरांना टपरीवर चहा मिळायचा तो कोमट. ते त्याचंही तापमान बघायचे, असं टपरीवाला सांगतो.

पण गावाचा राग सरळ रेषेत जात नाही. ‘शाळेची बाटली बाद, आपली स्वतःची पाहिजे,’ असं ठरून ग्रामपंचायतीने कार्यालयाबाहेर एक बाटली लावली. ती लावली सत्ताधारी पॅनेलने, म्हणून विरोधी पॅनेलने मारुतीच्या पारावर दुसरी लावली. परतीच्या पावसात दोन्ही पॅनेलांचे आकडे रोज टपरीवर भिडू लागले. “आमच्यात अठरा!” “तुमच्यात कुठला? आमच्यात चौदा!” ज्या गावाला जूनमध्ये मिलिमीटर म्हणजे औषधाचं नाव वाटत होतं, तिथे ग्रामसभेत ठराव आला की हवामानयंत्र आमच्याच गावात बसवावं, आणि त्याला दोन्ही पॅनेलांनी अनुमोदन दिलं. दोघांना वेगवेगळी सही करायची होती, एवढाच वाद झाला. सर हरखून गेले होते. एका बाटलीवर कोणाचा विश्वास नसला तरी तीन ठिकाणची सरासरी म्हणजे शास्त्र. इको क्लबच्या अहवालात ‘लोकसहभाग’ असा एक रकाना असतो, दर वर्षी बाई तिथे ‘उत्तम’ लिहितात. या वेळी त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, “लिहा, गावात भांडणं सुरू झाली आहेत.”

तरी पारावरच्या आणि पंचायतीच्या मापात रोजचा तीन-चारचा फरक काही केल्या मिटेना. विरोधी पॅनेलने शाळेकडे लेखी तक्रार केली. सरांनी ती पाऊसमंत्र्यांकडे वर्ग केली. दोन वेण्यांची मुलगी टेप घेऊन पंचायतीसमोर गेली, भिंतीची उंची काढली, बाटली कुठे आहे ते पाहिलं आणि सरपंचांना बाहेर बोलावलं. बाटली पत्र्याच्या पागोळ्यांखाली होती. भिंत जितकी उंच त्याच्या दुपटीने तरी माप तिच्यापासून लांब हवं, असा नियम तिने ऐकवला. सरपंचांनी गंध-टोपीसकट ती बाटली दोन्ही हातांत धरली आणि ते मागे सरकू लागले.

“अजून मागं.”

“आता?”

“अजून. रस्त्याकडं जाऊ नका, तिथं म्हशी येतात.”

“बस झालं का, माय?”

“दोन पावलं अजून. नाही, पावलं नको. थांबा तिथंच, टेप धरते.”